पुंजाजीची गैरहजेरी

कारंज्याच्या कापूस बाजारात पुंजाजी पारख्याचा शब्द शेवटचा. कापसाचा बोळा दोन अंगठ्यांत ओढून तो धाग्याची लांबी सांगे, आणि एरवी देवाशीही वाद घालणारे अडते मुकाट मान डोलवत. तिथले सौदे रुमालाखाली बोटं दाबून व्हायचे. एकदा हात दिला की दिला, मग भाव कोसळो नाही तर आभाळ.

धाकटा भाऊ इंद्रभान आफ्रिकेत, युगांडातल्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. १९४९ साली मशीनच्या पट्ट्यात सापडून त्याचा पाय चिरडला आणि सडू लागला. डॉक्टर म्हणाले, कापू. हा म्हणाला, दादाला विचारल्याशिवाय नाही. मालकानं तार केली आणि आपल्या मुंबईच्या पेढीकडून पुंजाजीला नैरोबीपर्यंतच्या विमानाचं तिकीट काढून दिलं. माल न बघता हो म्हणायची पुंजाजीला सवयच नव्हती. त्यानं उलट तार केली, ‘निघालो. येईपर्यंत थांब.’

मुंबईच्या विमानतळावर पोचला, तर विमान नाही. इंजिन बिघडलंय म्हणे. खिडकीवर केसांना चोपडून तेल लावलेला एक कारकून होता.

“बापू, कवा निंगन?” पुंजाजीनं विचारलं.

“संध्याकाळी नक्की,” म्हणत त्यानं हसून हात पुढे केला. पुंजाजीनं तो धरला. कसायाला गाय धार्जिणी म्हणतात, ते काही खोटं नाही.

संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी तेच हसू, तोच हात. गोऱ्या उतारूंना मोटारीतून हॉटेलात नेलं. पुंजाजी बाकावर घरच्या दशम्या खात बसला. उठून गेलो आणि विमान सुटलं तर, या धास्तीनं लघवीलाही पळत जायचा. त्या तेलकट तोंडानं एकदा जरी ‘तीन दिवस लागतील’ असं खरं सांगितलं असतं, तर पुंजाजीनं तिथूनच ‘कापू द्या’ अशी तार ठोकली असती. पण खरं बोलायला त्याच्या जिभेला लकवा झाला होता.

तिसऱ्या दिवशी विमान आलं, भरलं आणि उडालं. पुंजाजीची जागा कुठल्याशा मळेवाल्या साहेबाला दिली होती.

“अन् मी?”

“उद्या नक्की.”

“तीन दिस झाले तुमी मले हेच सांगून राह्यले! थो भाऊ तिकडं माह्यासाठी थांबला हाये!”

कारकुनानं तिकीट उलटं करून पुढे सरकवलं. तिकिटाच्या मागे बारीक इंग्रजीत लिहिलं होतं म्हणे, कंपनी वेळेला बांधील नाही. मग बांधील कोण, इंद्रभानचा पाय?

चौथ्या दिवशी पेढीचा माणूस तार घेऊन बाकापाशी आला. इंद्रभान आदल्या रात्री गेला होता. दादा येईपर्यंत त्यानं डॉक्टरांना पायाला हात लावू दिला नाही.

पुंजाजी परतला. वाशीमच्या वकिलाकडून त्यानं कंपनीला पत्र धाडलं. पैसा नको, चूक झाली एवढं लिहून द्या. दोन महिन्यांनी उत्तर आलं. कागद असा गुळगुळीत, की हातात धरायचीही किळस यावी. वकिलानं मराठी करून वाचलं, ‘सदर प्रवासी उड्डाणाच्या वेळी गैरहजर असल्याने त्याची जागा रद्द झाली. कंपनीचा दोष नाही.’

पुंजाजीनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग दाराबाहेर जाऊन थुंकला.

“मेला माहा भाऊ,” तो म्हणाला, “अन् गैरहजर मी.”