‘कळवतो’ म्हणून उठलेली माणसे

शिवाजीनगरच्या न्यायालयाबाहेर अर्जनवीस म्हणून माझी हयात गेली. शिक्षण नववीपर्यंतच झाले, हे मी कधी लपवले नाही. परंतु माझ्या मसुद्यात काना-मात्रेचा दोष दाखवील असा वकील मला अद्याप भेटलेला नाही. या व्यवसायात खोटे बोलणारी माणसे रोज समोर बसतात. त्यांचा मला राग येत नाही, कारण खोटे बोलणारा निदान काहीतरी बोलतो. माझा राग आहे तो काहीच न बोलता गोड हसून उठणाऱ्यांवर, आणि ती माणसे माझ्याच सोयरिकीतली निघावीत याचा संताप अजून उतरलेला नाही.

माझी भाची पुण्याजवळच्या मांजरी गावात दिली होती. सासर शेतकऱ्याचे, पण तेव्हा उसाच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या होत्या आणि घरचा मुलगा, म्हणजे आमचे जावई, हिंजवडीच्या एका कंपनीत संगणक अभियंता होता. अमेरिकेतली माणसे जागी झाली की त्याचे काम सुरू होई. लग्नाला बरीच वर्षे होऊनही मूल नव्हते. औषधे झाली, नवस झाले. शेवटी भाचीनेच दत्तकाचा विषय काढला आणि शहरातल्या एका संस्थेत दोघांनी नाव नोंदवले. संस्थेच्या ताई घरी येऊन चौकशी करून गेल्या. मग काही महिन्यांनी त्यांचा फोन आला: तीन वर्षांची एक मुलगी आहे, दोघांनी येऊन भेटावे.

ताईंनी ‘दोघांनी’ म्हटले होते. भाचीच्या सासूबाईंनी ऐकले ते असे, की मुलगी बघायला जायचे आहे. आणि मुलगी बघायला जायचे तर आपल्याकडे दोघे कधी जातात? थोरली नणंद निघाली, एक चुलत सासरे निघाले, गाडी ठरली. मलाही बोलावणे आले. सुनेचा मामा म्हणून, आणि कागद कळणारा माणूस म्हणूनही. विहीणबाई, म्हणजे भाचीच्या सासूबाई, लग्नाच्या बोलणीला नेसतात तसली जरीकाठी साडी नेसून पुढच्या सीटवर बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर नारळाची पिशवी होती.

संस्थेच्या कचेरीत आम्ही रांगेने बसलो. मुलीला आत आणले. केस नुकतेच विंचरलेले, तोंडावर पावडर, अंगात धुतलेला फ्रॉक. तीन वर्षांच्या पोरीने इतक्या अनोळखी माणसांसमोर रडायला हवे होते. ती रडली नाही. ती उभी राहिली. अशी उभी राहण्याची तिची पहिली वेळ नसावी, हे माझ्या तेव्हाच लक्षात आले.

“चाल बघू बाळा, त्या खिडकीपर्यंत,” विहीणबाई म्हणाल्या.

मुलगी खिडकीपर्यंत चालली. डावे पाऊल किंचित आत वळत होते. विहीणबाईंनी तिला परत यायला सांगितले आणि पुन्हा पाठवले. नणंदेने आपले मनगट तिच्या मनगटाजवळ धरून पाहिले, आणि आईकडे बघितले. चुलत सासऱ्यांनी जात विचारली. ताईंनी शांतपणे सांगितले की ती माहीत नाही, आणि माहीत असती तरी सांगितली नसती. जन्मवेळ विचारली, तेच उत्तर. जावई दारात उभा राहून फोनवर कोणाला तरी इंग्रजीतून धीर देत होता.

या सगळ्यात ती मुलगी माझ्या भाचीपाशी गेली आणि तिच्या बांगड्या एकेक करून मागे सरकवू लागली. भाचीने हात पुढे धरून ठेवला. हात हलला तर मुलगी जाईल, अशा भीतीने धरल्यासारखा.

विहीणबाई उठल्या. नारळ त्यांनी पिशवीतून बाहेर काढलाच नाही. “बरंय मग. कळवतो.”

ताई म्हणाल्या, “नक्की कळवा. नाही असलं तरी कळवा, लेखी. तुमचं उत्तर येईपर्यंत मला तिला दुसऱ्या कुटुंबाला दाखवता येत नाही. आणि आपल्या देशातल्या घरांनी नकार दिल्याशिवाय बाहेरच्या देशातल्या कोणाला विचारताही येत नाही.”

“हां, हां, कळवतो की.”

आपल्याकडे ‘कळवतो’ म्हणजे काय, हे मुलीच्या बापाला चहाचे कप आत जाण्यापूर्वीच समजते. तो दोन दिवस वाट पाहतो आणि पुढच्या स्थळाच्या मागे लागतो. म्हणून ही रीत चालते. कोणाला नाही म्हटल्याचे पाप लागत नाही आणि कोणाचे अडत नाही. पण येथे त्या मुलीला बाप नव्हता. तिच्यासाठी पुढच्या स्थळाचे दार उघडायचे तर आमचा नकार हीच किल्ली होती, आणि ती घेऊन आम्ही मांजरीला परत आलो.

उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. दिवाळीच्या सुमारास त्या ताई एका कामासाठी न्यायालयात आल्या असता माझ्या टेबलाशी थांबल्या. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त वस्तुस्थिती सांगितली. मुलगी मोठी होत आहे. पाचव्या वर्षाकडे झुकलेले मूल कोणी मागत नाही. पायावर उपचार जितके लवकर होतील तितके बरे. डेन्मार्कचे एक जोडपे आहे, पायाचा दोष असलेले मूल चालेल असे त्यांनी स्वतः होऊन लिहिले आहे. पण आमचे उत्तर आल्याखेरीज त्यांना या मुलीबद्दल एक शब्दही कळवता येत नाही. स्मरणपत्रे पाठवली, फोन केले. “तुमचे जावई फार सभ्य बोलतात,” त्या म्हणाल्या, “दर वेळी.”

मी त्याच दुपारी जावयाला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. दुसऱ्या दिवशी लावला. आईशी बोलतो, म्हणाला. तिसऱ्या खेपेस मी विहीणबाईंनाच गाठले. त्यांना माझा मुद्दाच समजेना. लेकीबाळीला तोंडावर नाही म्हणायचे नसते, ती लक्ष्मी असते, आणि कागदावर तर मुळीच लिहून द्यायचे नसते, असे त्यांचे म्हणणे. वर त्यांनी मला तोडगाही सुचवला.

“पत्रिका जुळत न्हाई म्हणून सांगा की मामा. तुमी एवढे कागदवाले.”

“विहीणबाई, पत्रिका असती तर ती पोरगी तिथे कशाला असती?”

फोन ठेवला गेला.

तेव्हा मी नकाराचा मसुदा स्वतः केला. आयुष्यात इतका लहान मसुदा मी केला नव्हता: सदर बालिकेस दत्तक घेण्याची आमची इच्छा नाही, सबब संस्थेने पुढील कार्यवाही करावी. रविवार पाहून मांजरीला गेलो. सगळे घरात होते. मी कागद टेबलावर ठेवला आणि पेन उघडून त्यावर ठेवले.

जावयाने भाचीकडे पाहिले. भाची कागदाकडे पाहत होती.

“मामा, मी अजून नाही म्हटलेलं नाही,” ती म्हणाली.

एवढ्या महिन्यांत तिला कोणी काही विचारले आहे, असे मला तिच्या आवाजावरून वाटले नाही. त्या ‘कळवतो’मागे बाकीच्यांची सोय होती, हिची मात्र आशा होती. हळूहळू सासू वळेल, नवरा बोलेल, म्हणून तिनेही ते उत्तर लांबू दिले होते.

“मग हो म्हण,” मी म्हणालो. “आत्ता म्हण. हा कागद फाडतो आणि उद्या तुझ्याबरोबर मी संस्थेत येतो.”

ती नवऱ्याकडे वळली. “तुम्ही बोला ना.”

हा माणूस रोज सातासमुद्रापलीकडच्या साहेबांना ठामपणे सांगत असे की अमुक होईल आणि तमुक होणार नाही. त्याने मांडीवरच्या लॅपटॉपचे झाकण हलकेच खाली केले. “मी काय बोलणार? घरात सगळ्यांचं मत बघावं लागतं.”

“आन् पायाचं उद्या आमालाच निस्तरावं लागंल,” विहीणबाई आतून म्हणाल्या.

भाचीने सही केली. तिच्या खाली जावयाने केली. पेनाचे टोपण लावून त्याने ते मला अदबीने परत दिले. सुटल्याचा आनंद त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता, आणि त्याला एक मुस्कटात ठेवून द्यावी असे माझ्या फार मनात आले. जावई म्हणून हात आवरला. आपल्या समाजात जावयाला किती गोष्टींतून सूट असते.

पुढच्या पावसाळ्यात ते डेन्मार्कचे जोडपे पालकत्वाच्या अर्जाच्या सुनावणीला आले. पुरुष शाळेत सुतारकाम शिकवणारा, बाई दवाखान्यात परिचारिका. दोघेही काही श्रीमंत दिसत नव्हते. मूल मिळण्यापूर्वी त्यांना त्यांच्या देशात काय काय विचारले गेले, ते ताईंनी मला सांगितले: मुलीला तिच्या जन्माबद्दल काय सांगाल, शाळेत तिच्या रंगावरून कोणी बोलले तर काय कराल, ती तुम्हाला आईबाप म्हणाली नाही तर किती दिवस थांबाल. प्रत्येक प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले होते. एकाही उत्तरात ‘घरात सगळ्यांचं मत’ नव्हते.

गोऱ्यांचे मला विशेष कौतुक नाही, हे येथे नमूद करतो. आपली एक पोर, आपली भाषा बोलणारी, थंडीच्या देशात जाऊन ती भाषा विसरणार, हे काही अभिमानाने सांगण्यासारखे नव्हे. पण तिला आपल्याकडे ठेवायचे तर कोणीतरी तिला हो म्हणायला हवे होते.

त्या बाई व्हरांड्यात बाकावर न बसता खाली फरशीवर बसल्या होत्या, चांगले कपडे घालून. मुलगी ताईंच्या साडीआड उभी. बाईंनी तळहातावर काही मराठी शब्द आपल्या लिपीत लिहून आणले होते आणि ते वाचून त्या अडखळत बोलत. पाणी. दुखतंय. झोप. मध्ये एकदा त्यांनी मुलीच्या केसांकडे हात नेला. मुलगी म्हणाली, “नको.” त्यांनी हात तत्काळ मागे घेतला आणि तळहातावर तो शब्द शोधला. तो त्यांनी लिहून आणला होता. बऱ्याच वेळाने मुलगी स्वतःच पुढे आली, बाईंच्या हाताशी आपला हात लावून बघितल्यासारखे केले, आणि पुन्हा ताईंमागे गेली. तिला कोणी चालून दाखवायला सांगितले नाही.

माझ्या शेजारचा मुद्रांकविक्रेता म्हणाला, “चालली बघा, तिकडे धुणीभांडी करायला.” मी त्याला विचारले की मग तू घेतोस का. तो मुद्रांक मोजू लागला.

हुकूम झाला आणि ती मुलगी गेली.

त्यानंतर भाचीच्या सासरच्यांनी हडपसरला नवा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला मला जावे लागले, बहिणीसाठी गेलो. पंक्ती व्हायच्या होत्या. हॉलमध्ये शेजारच्या बायका जमल्या होत्या आणि त्यांच्यापैकी कोणीतरी दत्तकाचा विषय काढला. विहीणबाई गादीवर टेकून बसल्या होत्या.

“आमीबी एक पोरगी बघितली हुती,” त्या म्हणाल्या. “गुणाची हुती, आमचं जवळजवळ ठरलंच हुतं. पर ह्या संस्थावाल्यांचा काय भरवसा हाय? आमच्या हातातली काढून फॉरेनवाल्यांना दिली. आता तिकडं पोरीचं काय करतेत, देवाला ठावं.”

बायका हळहळल्या. माझे डोके फिरले. मी उठलो, आणि काय बोलायचे ते माझ्या जिभेवर व्यवस्थित रचून तयार होते, कलमवार. परंतु मला बोलावे लागले नाही. भाची स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. हातात मठ्ठ्याचे भांडे होते.

“आमच्या हातातली कुणी काढली नाही,” ती म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता, पण हॉलभर ऐकू गेला. “आम्ही नको म्हटलं तिला. पाय वाकडा होता आणि रंग काळा होता म्हणून. मी सही केलीय, ह्यांनी पण केलीय. मामांना विचारा.”

सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “खरे आहे.”

जावई बाल्कनीत फोनवर होता. तो आत आला नाही. विहीणबाईंनी पदर सारखा केला, सुनेकडे न पाहता दाराकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणाल्या, “पानं घ्या गं मांडायला. माणसं खोळंबल्यात.”

भाची पंक्तीत वाढायला आली. तिने माझ्या पानावर वाढले. मी हात आडवा धरला नाही, पण त्या घरचा घास घेतला नाही, आणि तिनेही आग्रह केला नाही.