परगावी जायचा फोटो

माझ्या ओठाला जन्मापासून चीर होती आणि टाळूला मधोमध फट. पेज प्यायले की नाकातून यायची. मी काय बोलते ते इतरांना कळत नसे, आईलाही निम्मंच कळे. शेजारणी सगळं खापर ग्रहणावर फोडत. सगळा गाव सोडून ग्रहणाला बरं आमचंच घर सापडलं.

मी बारा वर्षांची असताना रत्नागिरीतले आमचे डॉक्टर म्हणाले, मुंबईचे एक सर्जन अशी टाळू शिवतात, पण आधी तोंडाच्या आतला फोटो पाहतात आणि मगच बोलावतात. झालं, फोटोवाल्यापुढे मी आ वासून बसले.

पहिल्यांदा त्याने उजेडासाठी पूड पेटवली, तेव्हा मी दचकून तोंडच मिटलं. मग टाळू दिसावी म्हणून डॉक्टरांनी तोंडात धरायला दांडीचा छोटा आरसा आणला, तर तो माझ्या श्वासाने धुरकटायचा. शेवटी दोन वाकवलेल्या चमच्यांनी ओठ बाजूला धरले, आरसा गरम पाण्यातून काढून पुसला आणि भर उन्हात अंगणात फोटो निघाला. जबडा दुखून डोळ्यांत पाणी आलं, पण मी हलले नाही. मला बोलायचं होतं.

फोटोवाल्याने तो परस्पर मुंबईला धाडला. उत्तर आलं, टाळू शाबूत दिसते, मुलीला आणू नये.

डॉक्टर तणतणत त्याच्याकडे गेले, मागोमाग आम्ही. तो गोंधळून म्हणाला, "मुलीचा फोटो परगावी जायचा म्हणजे जरा हात फिरवतोच आम्ही."

लग्नाच्या मुलींचे देवीचे व्रण तो फोटो छापण्याआधी त्याच्या काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिल चालवून घालवायचा. तशीच त्याने माझी फट बुजवली होती. माझ्या टाळूला कुठलं स्थळ बघायला येणार होतं, देव जाणे. मी संतापून काहीतरी ओरडले. ते कुणालाच कळलं नाही.

तोवर पावसाळ्यासाठी मुंबईच्या बोटी बंद झाल्या. नारळी पौर्णिमेनंतर मी पुन्हा आ वासला. या खेपेला काचेला पेन्सिल लागली नाही आणि त्याच फोटोवरून मला मुंबईचं बोलावणं आलं. पण तो धाडण्याआधी आईने मागून घेतला आणि दारात उजेडाला धरला. इतकी वर्षं तिने मला चमच्याने भरवलं होतं, तरी इतकं आतलं तिला कधी दिसलं नव्हतं.

"एवढं उघडं गो," ती म्हणाली, "आणि तू कधी बोलली पण नाहीस."

मी रोज बोलत होते.