धामणगाव रोडकडचं दार

यवतमाळात घर बांधायचं तर आधी नगरपालिकेत नकाशा दाखल करावा लागतो, ही गोष्ट लोकांच्या गळी उतरवण्यात माझी अर्धी उमर गेली. साठ-एकसष्टचा सुमार असेल. लोक येत आणि पहिलं वाक्य ठरलेलं असे, "जागा माही, पैसा माहा, मंग कागद कायले पाह्यजे?" मी म्हणत असे, हे नगरपालिकेत जाऊन विचारा, माझं डोकं खाऊ नका. मग ते हसत आणि बसत. राहत्या घराची पुढची खोली हेच माझं ऑफिस. तिथे एक भला मोठा ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, शाईची पेनं आणि माझा स्वभाव एवढंच भांडवल होतं. त्या स्वभावाबद्दल आमच्या मंडळींचं मत असं, की माझं तोंड सुरू व्हायच्या आत गिऱ्हाइकाच्या हातात चहा गेला पाहिजे. त्यामुळे आमच्याकडे चुलीवर आधण कायम असे.

काम तसं किचकट. आधी साध्या कागदावर पेन्सिलीनं घर काढायचं. ते पसंत पडलं की त्यावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि शाईनं गिरवायचं. हे कापड निळसर, चकचकीत आणि भारी नाजूक. घामाचा थेंब पडला तरी डाग धरी. एकदा शाई पडली की पडली. चुकलं तर ब्लेडनं खरवडायचं, आणि दोनदा खरवडलं की कापड तिथे जीव सोडी. नंतर ते कापड आणि छापायचा कागद काचेच्या चौकटीत घालून अंगणात उन्हात ठेवायचं. आमच्याकडे उन्हाची काय कमी. कागद पाण्यात धुतला की निळ्यावर पांढऱ्या रेषांचं घर वर येई, आणि मी ते दोरीवर वाळत घाली. तीच दोरी आमच्या मंडळींच्या लुगड्यांची. धुतलेल्या लुगड्यावर निळे ओघळ आले की त्या दिवशी जेवताना कुणी बोलत नसे.

पण खरी अडचण वेगळीच होती. नकाशा कुणालाच वाचता येत नसे, आणि तसं कुणी कबूल करत नसे. "दिसलं ना?" म्हटलं की "दिसलं जी". काय दिसलं ते त्यांनाच ठाऊक. घर उभं राहिल्यावर म्हणणार, चूल तिकडे काहून गेली? म्हणून मी एक पद्धत पाडली होती. खुंट्या, सुतळी आणि चुन्याच्या फक्कीचं टोपलं घेऊन सरळ जागेवर जायचं आणि मातीवरच खऱ्या मापाचं घर आखायचं. भिंतीच्या जागी पांढरी रेघ, दाराच्या जागी मोकळी जागा. मग बघा गंमत. बाया आधी चुलीच्या जागेवर बसून हात लांब करून पाहत, डबे हाताशी येतात का ते. एक किराणावाला तर भर दुपारी आडवा झाला होता, खाट कशी मावते ते बघायला. आणि सगळ्यात मौजेची गोष्ट म्हणजे कुणीही भिंत ओलांडत नसे. मातीवर चुन्याची रेघ, दुसरं काही नाही, पण माणसं वळसा घालून दारातूनच ये-जा करत. मला ते पाहायला फार आवडे. चिडका माणूस मी, पण त्या वेळी कुणावर चिडल्याचं आठवत नाही.

तर असे एक गुरुजी माझ्याकडे आले. प्राथमिक शाळेत शिक्षक, माझ्याच वयाचे, बारीक अंगाचे, बोलणं हळू. त्यांचं गाव बाभुळगावाजवळचं. धामणगाव रोडवर त्यांनी कोपऱ्याचा एक तुकडा घेतला होता. एका बाजूला मोठा रस्ता, दुसऱ्या बाजूला गल्ली. गुरुजी म्हणाले, "मोठं काही नको. बाबांना गावाहून आणायचं आहे. आई गेल्यापासून एकटेच असतात. मी राहतो त्या भाड्याच्या घरात यायला तयार नाहीत. म्हणतात, आपलं होऊ दे, मग पाहू." मला कळलं, या माणसाचं सगळं घर त्या एका म्हाताऱ्यासाठी चाललंय.

घराचं गणित सरळ होतं. मोठा रस्ता पुढेमागे रुंद होणार म्हणून नगरपालिका त्या बाजूनं मोकळी पट्टी सोडायला सांगे. रस्त्याकडे दार घेतलं तर पायऱ्याही आपल्याच जागेत बसवाव्या लागणार, म्हणजे भिंत आणखी आत सरकणार आणि एक खोली जाणार. गल्लीकडून दार घेतलं तर हा प्रश्नच नाही. मधोमध दार, दोन्हीकडे खोल्या, मागे स्वयंपाकघर, शिवाय गुरुजींना वाचायला-लिहायला एक छोटी खोली. ती खोली दाखवल्यावर गुरुजींचा चेहरा असा काही उजळला की मीच स्वतःवर खूश झालो. जन्मात कधी त्यांना बसून वाचायला स्वतःची जागा मिळाली नव्हती. नगरपालिकेच्या ओव्हरसियरनंही पेन्सिलीचा कागद पाहून मान हलवली होती. नकाशे मंजूर करणाऱ्या कमिटीची बैठक तोंडावर आलेली, म्हणून मी लगोलग कापडावर शाईही मारून टाकली. काम झकास झालं होतं. इतकं झकास, की मंडळींना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "छान आहे, आता हात धुवा."

मग गुरुजी म्हणाले, बाबांना एकदा जागेवर दाखवू. मी म्हटलं, दाखवू की, त्यात काय.

दिवाळी होऊन गेली होती. रस्त्यानं सरकी काढायच्या जिनाकडे जाणाऱ्या कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागलेली, कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकलेले. मी सकाळीच जाऊन फक्की मारली. गुरुजींच्या घरच्या वहिनी आणि लेकरं आधीच येऊन 'आत' बसली होती. वहिनींनी चुलीची जागा पसंत केली. एवढ्यात बाभुळगावकडून एसटी आली आणि म्हातारा उतरला. उंच, वाळलेला, धुतलेलं धोतर, डोक्याला पांढरा रुमाल. गुरुजी पुढे झाले. म्हातारा रस्त्याच्या कडेला, रेघेच्या बाहेर येऊन थांबला आणि सगळं घर एका नजरेत पाहून घेतलं.

"या बाबा," गुरुजी म्हणाले, "हे आपलं घर."

"चांगलं हाये," म्हातारा म्हणाला. पण हलला नाही.

मी म्हटलं, "बाबा, इकडून गल्लीतून या. दार इकडे आहे."

त्यानं गल्लीकडे पाहिलं, पुन्हा रेघेकडे पाहिलं. "मी अठीच बरा हावो."

उन्ह तापायला लागलं होतं. मागून बंड्या जात होत्या, धूळ उडत होती आणि हा माणूस उभाच. आमच्या स्वभावाला एवढं पुरेसं असतं. मी म्हटलं, "अहो बाबा, रेघ आहे नुसती. ओलांडा आणि या आत. कशाला उन्हात उभे राहता?"

"भिंतीवरून कसा येऊ, साहेब?"

"मग गल्लीतून या."

म्हातारा शांतपणे म्हणाला, "गल्लीतून मी जिंदगीभर लय आलो."

मला काही उमजलं नाही. मी आपला त्याला समजावायला लागलो, रस्त्याची पट्टी, पायऱ्या, खोली कशी वाचते. तो ऐकून घेत होता, मान हलवत होता, पण पाय जागचा हलत नव्हता. शेवटी गुरुजींनी माझ्या दंडाला धरून मला बाजूला नेलं. त्यांचा आवाज आधीच हळू, तो आणखी खाली गेला. म्हणाले, "आमच्याकडे पिढ्यानपिढ्या गावकीचं काम होतं. निरोप पोचवायचे, दवंडी द्यायची, कुणाच्या घरी कुणी वारलं तर गावोगाव सांगत फिरायचं. पण कुणाच्या समोरच्या दारी जायचं नाही. घरामागच्या गल्लीत उभं राहून आवाज द्यायचा. भाकर तिथेच, सणाचं जेवण तिथेच. समोरचं दार बाबांनी कुणाच्याच घराचं पाहिलं नाही. आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, तिथून परत आल्या दिवशी बाबांनी गावकीची काठी ठेवून दिली. पुन्हा हातात धरली नाही." मग जरा थांबून म्हणाले, "मला हे आधी सुचायला पाहिजे होतं. मला खोलीच दिसत होती."

खरं सांगतो, त्या वेळी घरी बोर्डावर ताणून ठेवलेलं ते शाई वाळलेलं कापड डोळ्यांपुढे आलं. ब्लेडनं खरवडून भागणार नव्हतं. अख्खं घर नव्यानं काढायचं होतं, कमिटीच्या आत. मी गुरुजींवर खेकसलोच, "मग तुमची वाचायची खोली?"

"जाऊ द्या," गुरुजी म्हणाले. "मी दारात बसून वाचीन."

मी रस्त्याकडच्या भिंतीपाशी गेलो. चपलेनं ती चुन्याची रेघ पुसून काढली, मागे सरकवली, मधे दाराची जागा मोकळी ठेवली. गल्लीकडचं दार फक्की टाकून बुजवलं. मागे अंगणातून गल्लीत उघडणारं, पाणी आणायला तेवढं एक बारकं दार ठेवलं. वाचायची खोली पुसताना लेकरं माझ्याकडे टकमक बघत होती, वहिनी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. म्हातारा माझे पाय कुठे पडतात ते पाहत होता. काम झाल्यावर मी नव्या दारातून बाजूला झालो आणि म्हटलं, "या आता."

म्हाताऱ्यानं चपला काढल्या. रस्त्याच्या धुळीत, तिथे नसलेल्या पायरीच्या खाली, नीट जोडून ठेवल्या. मग वाकून दाराच्या जागेला हात लावला आणि आत आला. वहिनींनी लोटाभर पाणी दिलं. ते पिऊन त्यानं विचारलं, "मले कुठी ठेवता?" गुरुजींनी रस्त्याकडची खोली दाखवली. म्हातारा तिच्या मधोमध मातीवर बसला आणि जाणाऱ्या बंड्या पाहत राहिला. बराच वेळ उठला नाही.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरी कुणी कुणाशी धड बोललं नाही. मी बोर्डावर वाकलेलो, मंडळी गुपचूप चहा आणून ठेवत. एकदा म्हणाल्या, "इतके चिडता आणि इतकं सुबक काढता, कसं जमतं हो?" मी म्हटलं, जा तुम्ही. दार मात्र मी खरंच जीव ओतून काढलं. नकाशात दार म्हणजे काय, एक रेघ आणि पाव वर्तुळ, कुठेही तसंच. तरी ते कोरताना मी श्वास धरला होता. ओव्हरसियर म्हणाला, "काहून बदलवलं हो? गल्लीचं चांगलं होतं." मी म्हटलं, घरवाल्याची मर्जी. मंजुरी आली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी घर पुरं झालं. गुरुजींनी बुद्धवंदना ठेवली होती आणि जेवणाचं आमंत्रण घरी येऊन देऊन गेले. मंडळी आधीच गेल्या होत्या. मला एका जागेचं माप घ्यायचं होतं, त्यात उशीर झाला. सायकल दामटत निघालो, पोटात कावळे ओरडत होते, आणि जवळ पडतं म्हणून सरळ गल्लीत शिरलो. मागच्या बारक्या दाराशी सायकल टेकवली. आतून वरणाचा वास येत होता. मी उंबऱ्यावर पाय ठेवला.

अंगणात म्हातारा रांजणातून पाणी काढत होता. त्यानं मला पाहिलं, हातातला गडू खाली ठेवला आणि लगबगीनं पुढे आला. मला वाटलं, स्वागताला आला. तो माझ्यासमोर हात आडवा धरून उभा राहिला.

"साहेब, इकून नाई."

"अहो बाबा, आता आलोच आहे. भूक लागली आहे."

"नाई जी. मांगून काहून येता? तुम्ही समोरून या."

त्याच्या आवाजात राग नव्हता, आर्जव होतं. मी निमूटपणे सायकल वळवली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला दारातून परत पाठवलं आणि मला राग आला नाही. गल्ली संपवून, कोपऱ्याला वळसा घालून मोठ्या रस्त्यावर आलो. पायऱ्यांच्या वर, उघड्या दारात म्हातारा माझ्या आधी येऊन उभा होता. तेवढ्या वेळात त्यानं रुमाल नव्यानं बांधलेला दिसत होता. बाभुळगावची एसटी मागून गेली, तिच्या खिडक्यांतून माणसं बाहेर पाहत होती, आणि तो तिच्याकडे न पाहता माझ्याकडे बघत होता.

"या साहेब," तो म्हणाला.

मी पायरीखाली चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि आत गेलो.