गेरूच्या गुहेचे छत

आसनगावला गाडीतून उतरलो तेव्हा गुहा पाहण्याची माझी हौस चांगली शाबूत होती. ती उतरायला दुसऱ्या दिवसाची दुपार पुरली.

चैत्र सरत आला होता. शहापूरच्या बाजारात धोंडू नावाच्या शेतकऱ्याची बैलगाडी मिळाली. किन्हवलीच्या पुढे, मुरबाडच्या अंगाला डोंगराखाली त्याचे घर. मोठ्या मुलीच्या लग्नाचे सामान घेऊन तो परतत होता. मी गुहेची चौकशी केली, तसा तो हसला.

"गुहेत काय बघायचं, पावनं? काळोख तर घरी बी असतो."

मग माझी दया येऊन म्हणाला, "उद्या घरवाली गेरू आनाया जायची हाय. तुमी पन चला."

लग्नघराची भिंत गेरूने सारवल्याशिवाय इकडे तिच्यावर चौक (तांदळाच्या पिठाने काढायचे लग्नाचे चित्र) काढत नाहीत, आणि गेरू त्या गुहेतलाच लागतो. रात्री नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन अंगणात झोपलो. चटणीने डोळ्यांतून पाणी काढले. धोंडूची बायको भागी म्हणाली, "पावनं आत्ताच रडाया लागलं. लगीन अजून लांब हाय."

सकाळी धोंडू आणि भागीच्या मागून करवंदीच्या जाळ्यांतून चढताना मला पुस्तकांतले आठवत होते. चुनखडीच्या मुलखात पाणी दगडच विरघळवते आणि जमिनीच्या पोटात दालने कोरते. आपल्या काळ्या कातळाला असे विरघळणे जमत नाही. इथे लाव्ह्याचा एक थर निवला, त्यावर माती साचली, मग दुसरा लोट आला आणि त्याने ती माती भाजून लाल केली. दोन कातळांत दाबली गेलेली ही माती म्हणजेच हा गेरू. पावसाचे पाणी वरच्या कातळाच्या भेगांतून झिरपते, या मातीवर अडते, आडवे वाहू लागते आणि तिला धुऊन नेते. खालचा आधार गेला की वरचा कातळ खपली खपलीने निखळतो, आणि पोकळी वर वर सरकत जाते. हे सारे फार सावकाश चालते, असे पुस्तके सांगतात. खपली पडते ती मात्र सावकाश पडत नाही, हे सांगायचे राहून जाते.

गुहेच्या तोंडाशी नवा कोरा दगडी चौथरा होता. त्यावर सुकलेले आंब्याचे तोरण आणि कागदी पताका.

"हे कोणाचे देऊळ?"

"देऊळ नाय. तालुक्याचं रावसायेब आलते गुहा बघाया. खुर्ची धुळीत कशी मांडायची? म्हून देवीचं दगूड भायेर काढलं. मोठ्या मानसाला मोठं आसन."

रावसाहेबांनी खेड्यांच्या उन्नतीवर भाषण केले, नारळ घेतला आणि ते गेले. आत वाकावे लागते असे कळल्यामुळे गुहा पाहायची राहिली.

"देवीचे दगड म्हणजे?"

धोंडूने रीत सांगितली. एक टोपली गेरू न्यायचा, एक दगड देवीला द्यायचा. तो गुहेच्या मध्यावर चवडीत रचायचा, आणि वर छताला घट्ट टेकला तरच देवीला पोचला असे धरायचे. सैल दगड देवी घेत नाही. आज्या-पणज्यांपासून दिलेली ती जाडजूड चवड आता चौथरा होऊन उन्हात पडली होती.

हे ऐकता ऐकता मी आत पाहिले. भागी चिमणी घेऊन केव्हाच पलीकडच्या टोकाला पोचली होती. तिच्या खुरप्याचा खसखस आवाज येत होता. मध्यावर, चवड होती तिथे, छताला एक स्वच्छ ठसा उरला होता. त्याच्या कडेने भेग गेली होती. भेगेची कड काळी नव्हती, ताजी राखाडी होती, आणि तिच्यातून पिठासारखी धूळ गळत होती.

"धोंडू, तिला बोलाव."

त्याने हाक मारली. त्याच क्षणी वरून ढलपी सुटली. चिमणी विझली. खुरप्याचा आवाज थांबला.

"भागे! गो भागे!"

धोंडूने पुन्हा हाक मारली तेव्हा त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"बोंबलू नका," काळोखातून आवाज आला. "तोंडात माती गेली."

ती धडधाकट होती. पण तिची वाट त्याच छताखालून होती, आणि धूळ आता धारेने गळत होती.

"देवी रागावली," धोंडू म्हणाला आणि चौथऱ्याचे दगड उचलायला धावला. मीही धावलो. त्याला देवीचा राग दिसत होता, मला कातळाचा भार. आमची कारणे निराळी होती, उचलायचे दगड तेच होते. तो आत बसून रचू लागला. मी वाकून दगड पोचवू लागलो. दर खेपेला ती भेग माझ्या मानेवरून जाई. छत कुरकुरले की मी श्वास धरी, जणू माझ्या श्वासाचेच त्याला ओझे होते. शेवटचा दगड धोंडूने हाताने ठोकून छताशी घट्ट केला. धूळ बारीक झाली. थांबली.

"ये आता. सरपटत ये."

ती आली. भरलेली टोपली पुढे ढकलत आली. उजेडात पोचताच मागे वळली. "दगूड द्यायचा राह्यला."

"दिला मी तुझ्या वाटचा!" धोंडू ओरडला, आणि तिथेच मटकन बसून लहान मुलासारखा रडला. भागी पदराने तोंड पुसत म्हणाली, "यानला बी चटणी लागली."

परतताना धोंडूने मला आसनगावपर्यंत सोडले. सापगाव मागे पडल्यावर म्हणाला, "रावसायेबास्नी जागा लय आवडली. म्होरल्या चैतात फिरून येनार म्हनत्यात. धाकटीचं लगीन बी तवाच."

"मग आसन कशाचे करणार?"

"मी तर हात लावायचा नाय. गावाचं मातर सांगता येत नाय."

मी घरी सुखरूप आहे. त्या डोंगरात पाणी झिरपायला दर वर्षी येईल. त्याला आमंत्रण लागत नाही. रावसाहेबांना लागते; गावाने ते दिले नाही तर दगड जागेवर राहतील. भागीच्या डोक्यावरचे छत सध्या तेवढ्या एका फरकावर टेकलेले आहे.