पूल चढणारी मोटर

आमच्या इलेक्ट्रिक सायकलची मूळ मोटर एका माणसापुरती होती. आम्ही दोघं बसायचो. मी पुढे, बायको मागे कॅरिअरवर, मांडीवर डब्यांची पिशवी. मी गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात गठ्ठे बांधायचो, ती दोन गल्ल्या सोडून साड्यांना फॉल लावायची. वाडीतल्या घरापासून ती मोटर कुरकुरत का होईना आम्हाला ओढायची, पण रेल्वेवरचा पूल आला की मान टाकायची. मग दोघांनी उतरायचं, मी हँडल धरायचं, तिने कॅरिअरला हात लावायचा आणि माथ्यापर्यंत ढकलत न्यायचं.

मला त्याची भयंकर चीड यायची. ऑटोवाले जाता जाता "धक्का मारो!" म्हणून ओरडायचे. तिला मात्र त्याचं काही वाटायचं नाही. उलट पूल आला की तिचं बोलणं सुरू व्हायचं. आमची खोली एकच, तीत माझी आई आणि दोन मुली. नवरा-बायकोने दोन शब्द बोलावेत अशी जागा घरात नव्हती, आणि धावत्या सायकलवर ट्रकांच्या आवाजात कोण कोणाचं ऐकतो? थोरलीचा अभ्यास, आईचा स्वभाव, शिलाईच्या बाईने काय ऐकवलं, सगळं ती त्या चढावर काढायची. मी हूं हूं करत ढकलायचो. माझं लक्ष ऑटोवाल्यांकडे.

मोटर बदलायचं मी मनावर घेतलं. नवी घ्यायची ऐपत नव्हती. एका भंगारवाल्याकडे मोडक्या सायकलचं मागचं चाक मिळालं, त्यात दुप्पट ताकदीची मोटर. रिम वाकडी होती, म्हणून मोटर काढून माझ्याच रिममध्ये बसवली. तिचं पोट मोठं, त्यामुळे माझे आरे लांब पडले. ते एकेक कापून त्यांना आटे पाडून घेतले. मोटरीला करंट मोजून देणारा कंट्रोलर नवा लागला, तो बायकोच्या भिशीतून आला. बॅटरी बदलणं झेपलं नाही. जुनी बॅटरी वाटेतच बसायची, शेवटचा तुकडा पायडल मारावं लागायचं. मला त्याचं दुःख नव्हतं. पूल चढला म्हणजे झालं.

पहिल्यांदा तारा जोडल्या तर चाक उलटं फिरलं. ती दारात मेथी निवडत होती, हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मले माहेरी सोडून देते वाटते तुमची मोटर!"

दुसऱ्या दिवशी आम्ही न उतरता पूल चढलो. मी एका ऑटोला मागे टाकलं आणि वळून बघितलंही. उन्हाळाभर माझी मिजास काय विचारता!

पोळा होऊन काही दिवस झाले असतील. पुलाच्या पायथ्याशी ती मागून म्हणाली, "आज पायी चलू ना जी."

"काहून?"

"असंच. लय दिवस झाले."

मी भडकलो. "एवढी मोटर काय शोभेले बसवली का वं? लोकं हसतीन!"

"राहू द्या मंग," ती म्हणाली.

त्यानंतर एकदा चढावर ती काहीतरी बोलली. वाऱ्यात मला कळलं नाही. मग तिने पाठीवर दोन थापा मारल्या. मला वाटलं, शाबासकी. मी ॲक्सिलरेटर आणखी पिळला.

संक्रांतीच्या सुमारास तिचा उजवा हात वर होईना. सोबतच्या बायांनी तिला दवाखान्यात नेलं आणि मला दुकानातून बोलावून घेतलं. छातीत गाठ होती, काखेपर्यंत गेलेली. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? ती खाली बघत म्हणाली, "पोळ्यापासून."

बाहेर बाकड्यावर बसल्यावर मी तिच्यावरच ओरडलो. माणसाला भीती वाटली की तो जवळच्याच माणसावर ओरडतो. मी तरी तसाच आहे.

"सांगितलं काहून नाही वं मले?"

"घरी कशी सांगू? आई होत्या, पोरी होत्या. छातीची गोष्ट." ती पदराच्या टोकाची गाठ सोडत, पुन्हा बांधत बसली होती. "पुलावर सांगीन म्हटलं होतं. तर तुम्ही पायी चलाले तयार नाही. मंग एक दिवस बसल्या बसल्याच सांगून राहिली होती. तुमाले ऐकू गेलं नाही. पाठीवर हात मारला, का थांबा. तुम्ही गाडी अजून जोरात घेतली."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी तिच्या मांडीवरची दवाखान्याची फाइल घेतली आणि नुसता धरून बसलो.

पुढचा पोळा तिने पाहिला नाही.

मोटर अजून चांगली आहे. मी अजून त्याच दुकानात जातो, त्याच पुलावरून. कॅरिअरवर माझा एकट्याचा डबा असतो. आता तर जुनी मोटरही चढली असती.