तारेच्या टोकाचा दोरा

गाठ्याने मारलेली गाठ समुद्रालाही कधी सुटली नव्हती. त्याचं खरं नाव आईपुरतं उरलेलं. बंदरावर तो गाठ्याच. कुठे काही सैल दिसलं की त्याची बोटं शिवशिवायची.

त्या उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं आणि मासा तळाशी गेला. तीन आठवडे होडी रिकामी परतली. शेवटी तो डाउनरिगर घ्यायला गेला. होडीच्या काठावर बसवायची ती एक चरखी. तिच्यावर पोलादी तार, तारेच्या टोकाला शिशाचा गोळा. गोळा खोल जातो आणि गळालाही सोबत नेतो.

दुकानदाराने बजावलं, "होडी लहान आहे, चरखीही लहानच घे. ब्रेक जरा सैल ठेव. गोळा खडकात अडकला तर तार सुटत गेली पाहिजे. आणि तार तोडायची पक्कड विसरू नकोस."

"बांधाबांध मला शिकवू नका," म्हणत गाठ्याने मोठीच उचलली.

घरी पाहतो तर तारेचं आतलं टोक चरखीला नुसत्या दोऱ्याने बांधलेलं. अडचणीच्या वेळी तुटावा म्हणूनच तो दोरा बारीक होता. गाठ्याला मात्र तो कामचुकारपणा वाटला. त्याने तिथे जाड नायलॉनची दोरी बांधली, तीही दुहेरी. ब्रेक आवळून टाकला.

मेहुणा हसला. "दाजी, तुमची गाठ सुटत नाही म्हणून तर माझी बहीण अजून नांदतेय!"

दुसऱ्या दिवशी दोघे होडी घेऊन निघाले. भर दुपारी, ओहोटीच्या ओढीत, वीस वाव, म्हणजे एकशेवीस फूट खाली गोळा अडकला. तार ताठ होऊन गुणगुणायला लागली. होडीचा मागचा कोपरा खाली दबला आणि पाणी आत घुसलं.

"दाजी, सोडा ना!"

"सुटत नाहीये!"

पक्कड घरी होती. सुरी तारेवर नुसती करकरली. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. गाठ्याने नांगराच्या दांड्याने ब्रेकची मूठ ठोकली, ठोकली, तेव्हा कुठे ती फिरली. तार सरसर धावली, होडी वर आली. मेहुण्याने श्वास सोडला. तेवढ्यात तार संपली आणि त्या दुहेरी दोरीने होडी पुन्हा खाली ओढली.

गाठ्या पाण्यात गुडघे टेकून दोरीवर सुरी चालवत राहिला. "तूट, मेले, तूट," असं तो आपल्याच गाठीला विनवत होता. शेवटचा पदर तुटला आणि तार त्याचा तळहात चिरत निघून गेली.

"रक्त, दाजी!"

"असू दे. उपस आधी."

होडीत गुडघाभर पाणी, हाताशी एकच वल्हं. मान वर न करता मेहुण्याने विचारलं, "किनारा जवळ येतोय ना?"

गाठ्याने पाहिलं. बंदरावरची घरं आता नखाएवढी दिसत होती.

"येतोय," तो म्हणाला. "तू थांबू नकोस."