गल्लीचा अमर्याद प्लॅन

बहीण लंडनला गेली आणि मी परदेशी कॉलच्या प्लॅनचा अभ्यास सुरू केला. शहाद्याच्या मोबाइल दुकानात तीन चकरा मारल्या. बाकीच्या प्लॅनमध्ये मिनिटं मोजून मिळत होती. एकात मात्र सगळं अमर्याद. तोच घेतला, आणि शहाणपणाच्या भरात ओट्यावर बसून गल्लीला सांगूनही टाकलं.

घात तिथेच झाला. आमच्या गल्लीत एकाच्या घरी आलेली वस्तू सगळ्यांची असते, मग ती शिडी असो की फोन. शेजारच्या काकू दुबईतल्या भाच्याला मुली सुचवायला रोज येऊ लागल्या. "फुकट शे ना, मंग काय!" म्हणत समोरचे आबा कुवेतच्या जावयाला तिथला उकाडा विचारायचे आणि वर इथलाही सविस्तर सांगायचे.

पंधराव्या दिवशी कंपनीने कॉल बंद केले. म्हणे, हा प्लॅन फक्त वैयक्तिक वापरासाठी आहे. वैयक्तिक! ही अट लिहिणाऱ्याने आमच्या गल्लीत एक दिवस राहून दाखवावं.

आबांनी मलाच झापलं, "तू हलका प्लॅन लिना, भो."

तेवढ्यात बहिणीचा मेसेज आला: "पंधरा दिवस झाले फोन लावतेय, सारखा बिझी. एवढं कुणाशी बोलतोस रे?"